ऋषिपंचमीचे पातेले आणि आठवड्याची यादी

काल ऋषिपंचमीची भाजी चिरायला घेण्यापूर्वी ओट्यावर मांडलेल्या वनस्पती मी मोजल्या. अळू, लाल माठ, अंबाडी, लाल भोपळा, पडवळ, शिराळे, घोसाळे, भेंडी, चवळीच्या शेंगा, मक्याचे कणीस, सुरण, रताळे, कच्चे केळे, ओले शेंगदाणे, चिंच, हिरवी मिरची आणि ओले खोबरे अशा त्या १७ निघाल्या. अळकुड्याही होत्या, परंतु त्या अळूचेच कंद असल्यामुळे वेगळ्या धरल्या नाहीत. सणाच्या दिवशी अशी मोजणी करण्याची सवय मला जून महिन्यातल्या एका यादीमुळे लागली.

त्या महिन्यात एक आठवडाभर आमच्या घरात खाल्ली गेलेली प्रत्येक वनस्पती मी लिहून ठेवली होती. आमच्याकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक ताजा होतो आणि बाहेरचे क्वचितच खाल्ले जाते, त्यामुळे यादी सहज चाळिशी गाठेल अशी माझी खात्री होती. फोडणीतली चिमूटभर मोहरी, जिरे आणि हळद वगळता ती १९ वर थांबली. सोमवारचे पोहे, मंगळवारचे घावन, बुधवारची इडली आणि रोज रात्रीचा भात हे मला चार निराळे पदार्थ वाटत होते, पण इडलीतली उडदाची डाळ सोडली तर ते सगळे तांदूळच होते. पोळी, उपमा, शेवया आणि मुलांचा ब्रेड म्हणजे पुन्हा पुन्हा गहू. बटाटा, कांदा आणि टोमॅटो तर जवळजवळ रोजच होते. स्वयंपाकात बदल करत राहण्याचे समाधान मला मिळत होते, पण पोटात जाणाऱ्या वनस्पती त्याच त्या होत्या, हे कागदावर उतरल्याशिवाय माझ्या लक्षात आले नसते.

ही मोजदाद करण्याची कल्पना ‘अमेरिकन गट प्रोजेक्ट’ (इंग्रजी ‘गट’ म्हणजे आतडे) या संशोधनाबद्दल वाचून सुचली. २०१२ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात मुख्यतः अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातील १०,००० हून अधिक सामान्य नागरिकांनी आपल्या विष्ठेचे नमुने आणि आहाराची माहिती स्वतःहून पाठवली, आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्याला ३० पेक्षा जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या आतड्यांतील सूक्ष्मजीव, १० किंवा त्याहून कमी प्रकार खाणाऱ्यांच्या तुलनेत अधिक वैविध्यपूर्ण आढळले. माणूस स्वतःला शाकाहारी म्हणवतो की मिश्राहारी, यापेक्षा तो किती प्रकारच्या वनस्पती खातो याचा संबंध अधिक दिसला. हा संबंध आढळला म्हणजे कार्यकारणभाव सिद्ध झाला असे नाही, आणि ३० ही काही वैद्यकीय सीमारेषाही नाही; तो प्रश्नावलीतील एका गटाचा आकडा आहे. तरीही आकडा समोर असला की मोजता येते, आणि मोजल्यामुळे माझे डोळे उघडले.

विविधतेचा उपयोग का व्हावा, हे समजून घेतल्यावर या विषयाची मला खरी ओढ लागली. आपण ज्याला सरसकट ‘तंतुमय पदार्थ’ म्हणतो, तो एकच पदार्थ नसतो. कांद्या-लसणात इन्युलिन असते, पेरूमध्ये पेक्टिन असते, कडधान्यांत रॅफिनोजसारख्या शर्करा असतात, आणि कच्च्या केळ्यातल्या स्टार्चचा मोठा भाग लहान आतड्यात पचतच नाही. यांतले बहुतेक फोडण्यासाठी लागणारी विकरे (एन्झाइम्स) माणसाच्या शरीरात नाहीत; ती मोठ्या आतड्यातील जिवाणूंकडे असतात, आणि प्रत्येक जातीच्या जिवाणूला प्रत्येक प्रकारचा तंतू फोडता येत नाही. या आंबण्यातून ब्युटिरेटसारखी लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा या ब्युटिरेटमधूनच मिळवतात. म्हणजे एकाच भाजीचे ताट भरून खाल्ले, तर जिवाणूंच्या काही जातींची पंगत उठते आणि बाकीच्या उपाशी राहतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका काढली. तिच्यातील पहिलीच सूचना विविध प्रकारचे अन्न खाण्याची आहे, आणि धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक नसावी असेही तिच्यात म्हटले आहे. आमच्या जूनच्या यादीला या दोन्ही कसोट्या लावल्या तर ती नापासच ठरेल.

आपल्या परंपरेला हे गणित ठाऊक होते असा दावा मी करणार नाही, कारण ऋषिपंचमीच्या भाजीमागे बैलाच्या कष्टाचे न खाण्याचे व्रत आहे, आरोग्यशास्त्र नाही. परंतु त्या व्रताने आपल्या हाती जे पातेले दिले, ते अत्यंत मोलाचे आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, गाजर, पावटा, हरभरा, बोरे, उसाचे करवे, शेंगदाणे आणि तीळ घालून केलेली भाजी व तीळ लावलेली बाजरीची भाकरी खाताना ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असे आपण म्हणतो. गोव्यात तिरफळे घातलेले खतखते याच जातीचे आहे. मला खंत वाटते ती या भाज्या वर्षातल्या एकेका दिवसात कोंडल्या गेल्याची. सुरण ऋषिपंचमीला आणि ओला हरभरा भोगीला आमच्या घरात येत असे, आणि मग थेट पुढच्या वर्षी.

जूननंतर मी फारशी उलथापालथ केली नाही. सर्वांत जास्त फायदा झाला तो थालीपिठाच्या भाजणीचा. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग आणि धणे अशा आठ वनस्पती एका डब्यात बसतात, आणि सकाळच्या घाईत त्यापेक्षा सोपे काही नाही. वरणात तुरीच्या जोडीला मसूर आला. आठवड्यातून दोनदा पोळीऐवजी नाचणीची भाकरी होते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि माझ्या वयाच्या बाईने हा आकडा लक्षात ठेवावा असे मला वाटते. कडधान्ये मात्र बेताबेताने वाढवावी लागली, कारण पहिल्याच आठवड्यात सगळ्यांची पोटे फुगली. भिजवून मोड आणल्यावर आणि प्रमाण कमी केल्यावर तो त्रास थांबला.

पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी आणि करटोली बाजारात येतात. रानभाज्या मी ओळखीच्या भाजीवालीकडूनच घेते आणि कशी करायची हे तिलाच विचारते, कारण शेवळे काकडाच्या फळांशिवाय शिजवले तर घशाला खाज सुटते, हे तिनेच मला सांगितले. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी अळूसारख्या ऑक्झलेट जास्त असलेल्या भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात.

ताटातली विविधता शेवटी शेतातूनच येते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणे जपल्याबद्दल २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मला ती बातमी शेतीची वाटली होती. आता ती माझ्या स्वयंपाकघराचीही वाटते. आमच्या भाजीवालीकडे गेल्या आठवड्यात घोळीच्या जुड्या दुपारपर्यंत तशाच पडून होत्या. कोणी मागत नाही म्हणून पुढच्या वेळी आणणार नाही, असे ती म्हणाली. मी दोन जुड्या घेतल्या आणि दर बुधवारी एक बाजूला ठेवायला सांगितली आहे.