भाषा बदलायला आता टॉगल नको, डायरेक्ट शॉर्टकट लावा

मराठी आणि इंग्रजी एकाच कागदावर टाइप करणाऱ्या प्रत्येकाने विंडोजमध्ये ही सेटिंग आजच करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मी नाशिकला सीबीएसजवळ टायपिंगचं काम करते, कोर्ट जवळच, त्यामुळे दिवसभर प्रतिज्ञापत्रं नाहीतर अर्ज. आता ही ओळ बघा, "रा. पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक, पॅन नं." इथपर्यंत मराठी आणि लगेच पुढे इंग्रजी कॅपिटल अक्षरं, मग परत मराठी. विंडोज-स्पेस दाबलं की भाषा बदलते हे सगळ्यांना माहिती असतं, पण ते आहे टॉगल, म्हणजे आत्ता कुठे आहोत ते आधी खाली कोपऱ्यात बघायचं आणि मग दाबायचं, त्यात इंग्लिश यूएस, इंग्लिश इंडिया आणि मराठी असे तीन कीबोर्ड टाकलेले असले तर झालंच, नजर सारखी कागदावरून हलते.

त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. (हे विंडोज ११ चं, १० मध्ये टायपिंग हे डिव्हाइसेसखाली सापडेल.) प्रत्येक कीबोर्डची वेगळी ओळ दिसते, ती निवडून चेंज की सीक्वेन्स. मी डावा अल्ट-शिफ्ट-१ ला इंग्रजी आणि २ ला मराठी दिलंय. आता आधी कुठली भाषा चालू होती याने काही फरकच पडत नाही, २ दाबलं की मराठीच येणार! तिथे कंट्रोल-शिफ्टचा पण पर्याय येतो, तो घेऊ नका, एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ ने नंबर फॉरमॅट लागतो आणि ४ ने करन्सी, बिलं करणाऱ्यांना ते रोज लागतं.

दुसरं म्हणजे कंट्रोल-अल्ट, ज्याने एखादा प्रोग्रॅम थेट उघडायचा शॉर्टकट लावता येतो. डेस्कटॉपवरच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये शॉर्टकट कीच्या जागी नुसतं अक्षर दाबलं तरी विंडोज स्वतःच पुढे कंट्रोल-अल्ट लावतं, आणि विंडोजसाठी कंट्रोल-अल्ट आणि उजवा अल्ट एकच. इंग्लिश इंडिया कीबोर्डवर उजवा अल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतो, म्हणून कंट्रोल-अल्ट-४ वर कुठलाही प्रोग्रॅम लावू नका, नाहीतर रुपयाचं चिन्ह गेलं म्हणून समजा.

वर्डमध्ये तर आणखी मजा आहे. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन, खाली कीबोर्ड शॉर्टकट्ससमोर कस्टमाइझ. तिथे स्टाइल, चिन्ह, बिल्डिंग ब्लॉक म्हणून सेव्ह केलेला आख्खा परिच्छेद, कशालाही की देता येते. प्रतिज्ञापत्राचा शेवटचा तो ठरलेला परिच्छेद मी असाच लावलाय. की दाबून बघितली की ती आधीच कशाला दिलेली आहे तेही तिथेच दिसतं, ते वाचूनच असाइन करा. दिलेल्या कीज नॉर्मल डॉट डॉटएम नावाच्या फाइलमध्ये सेव्ह होतात, आणि बिल्डिंग ब्लॉक बहुतेक वेळा बिल्डिंग ब्लॉक्स डॉट डॉटएक्स नावाच्या फाइलमध्ये, सी ड्राइव्ह फॉरमॅट करायच्या आधी या दोन्ही फाइली पेनड्राइव्हवर घ्या, म्हणजे परत लावत बसायला नको.

आणि इन्सर्ट की, जी चुकून दाबली गेली की काही प्रोग्रॅममध्ये पुढचं लिहिलेलं खात सुटते, ती मी पॉवरटॉइजच्या कीबोर्ड मॅनेजरमधून बंदच करून टाकलीये. पॉवरटॉइज मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, फक्त ते मागे चालू राहायला हवं, बंद केलं की इन्सर्ट पुन्हा जागी होते.