डोंगरातल्या संग्रहालयाचा पावसाळा

डोंगराच्या पोटात शिरलेली संग्रहालयं फोटोत फार देखणी दिसतात. वास्तुविशारद झाहा हदीद यांचं इटलीतलं कोरोनेस संग्रहालय (२०१५) २,२७५ मीटर उंचीवर, बरंचसं जमिनीखालीच. वरच्या मातीचा भार पेलायला छत ७० सेंटीमीटरपर्यंत जाड. असंच एक नाशिकजवळच्या अंजनेरीच्या उतारावर का नको? पायथ्याशी नाण्यांचं संग्रहालय आहेच. अडचण एवढीच, की तिथे बर्फ पडतो आणि इथे आषाढ कोसळतो. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, इगतपुरीत ३,००० च्या वर.

त्यात आपला डोंगर थरांचा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातीचा पट्टा असतो. भेगांतून उतरलेलं पाणी त्यावर अडतं आणि आडवं चालू लागतं. खोदताना हा पट्टा लागला, की भिंतीमागे झरा आलाच. आतून वॉटरप्रूफिंग फासून तो थांबवू म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा. पाण्याला वाट द्यायची असते: कातळ आणि भिंत यांच्यामध्ये फूटभर खडी, तिला जिओटेक्स्टाइलचं, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण गाळ अडवणाऱ्या कापडाचं, वेष्टण, तळाशी भोकं पाडलेला पाइप, त्याला शंभरास एक उतार, वळणावर साफ करता येईल असं चेंबर. वेष्टणाचे पैसे वाचवले, की गाळ खडीत बसतो, पाणी तुंबतं आणि सगळा दाब भिंतीवर येतो.

नाशिकची पांडवलेणी कोरणाऱ्या पाथरवटांनी तोंड ईशान्येकडे ठेवलं. नैऋत्येचा पाऊस डोंगराने पाठीवर घेतला, आणि झिरपणारं पाणी पोढ्यांमध्ये, म्हणजे कातळात कोरलेल्या टाक्यांमध्ये, साठलं. आजच्या इमारतीच्या नकाशात मात्र सूर्यास्तासाठी पश्चिमेला अख्खी काच असते!

भिंत कोरडी राहिली तरी हवा उरतेच. जुलैत ‘जरा हवा खेळू दे’ म्हणून दारं उघडली, की ओली हवा थंड भिंतीला टेकते आणि भिंतीला घाम फुटतो. तांब्याच्या नाण्यात क्लोराइड मुरलेलं असेल, तर अशा दमटपणात फिकट हिरवी पूड धरते. ती पुसली तरी खालचा धातू खाल्ला जातच असतो. म्हणून दारं बंद, शोकेस हवाबंद, आत ओलावा शोषणारं सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले, की ११०-१२० अंशांवर भट्टीत वाळवून परत ठेवायचे. वीज गेली तरी शोकेस तग धरते, ती यामुळेच.

हवेतलं पाणी काढणाऱ्या डीह्युमिडिफायरची नळी मात्र थेट बाहेर काढावी. खाली बादली ठेवली, तर ती नेमकी रविवारच्या गर्दीत भरते, वाहते, कुणीतरी यंत्रच बंद करतं, आणि सोमवारी संग्रहालयाला सुट्टी.