पहिल्या बटणापासून बोलणारा लॅपटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि माझा लॅपटॉप एका दिवसात 'जुना' ठरला. प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा. विंडोज ११ ला आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप. मशीन मात्र ठणठणीत होतं, आठ जीबी रॅम, एसएसडी, बॅटरीसुद्धा बरी. मला दिसत नाही. मुक्त विद्यापीठातून एम. ए. करते आणि घरून भाषांतराची कामं घेते, म्हणजे लॅपटॉपवरच माझं शिक्षण आणि पोट दोन्ही अवलंबून आहे. ज्यांना हवी त्यांच्यासाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली होती. पण त्यानंतर पुन्हा हाच प्रश्न उभा राहणार होता, म्हणून मी तो आताच सोडवायचं ठरवलं.

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात भावाबरोबर गेले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, टीपीएमची अट बाजूला सारून अकरा टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा." मी विचारलं, पुढचे अपडेट नीट मिळत राहतील का? त्यावर तो खात्री देईना. मग विचारलं, उद्या काही बिघडलं तर मला हे घरी बसून पुन्हा टाकता येईल का? तो म्हणाला, "त्याला दिसणारं कुणीतरी लागेलच ना."

त्या वाक्यामुळे माझी निवडीची कसोटी पक्की झाली. 'या प्रणालीत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, आहे का?' हा प्रश्न आपण सगळे विचारतो, आणि त्याचं उत्तर आता जवळजवळ सगळीकडे 'हो' असं येतं. मला विचारायचं होतं ते वेगळं. इन्स्टॉल होत असतानाच ती प्रणाली बोलते का? डिस्क पुसायची की नाही, पासवर्ड कोणता ठेवायचा, हे प्रश्न ती मला विचारते, की माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला?

मॅकचा विचार फार वेळ केला नाही. व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर २००५ पासून मॅकमध्ये आहे आणि उत्तम आहे, पण नवं मशीन घेण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. विंडोजबद्दल मात्र न्यायाने बोललं पाहिजे. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये विंडोज, कंट्रोल आणि एंटर ही बटणं एकत्र दाबली की त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर बोलू लागतो, आणि वर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. मायकेल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये एनव्हीडीए लिहायला घेतलं, पुढे जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. माझं सगळं कॉम्प्युटर शिक्षण एनव्हीडीएवर झालं आहे. ज्यांचं मशीन अकरा अधिकृतपणे पेलतं त्यांना मी आजही हाच मार्ग सांगेन. माझं पेलत नव्हतं, म्हणून लिनक्स, विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट प्रणाली.

लिनक्सवरचा स्क्रीन रीडर म्हणजे ओर्का. तोही २००६ मध्येच ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपबरोबर आला, आणि त्याची सुरुवात करणारा मार्क मुल्काहीसुद्धा अंधच. सातपूरला नॅबमध्ये (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) ओळख झालेले एक दादा बरीच वर्षं लिनक्स वापरतात. त्यांनी लिनक्सच्या दोन प्रकारांची नावं सुचवली. एक केरळातल्या झेंडालोनाचं ॲक्सेसिबल कोकोनट. ते उबुंटू माटे या दुसऱ्या लिनक्सवर उभं केलेलं आहे आणि मुद्दाम आपल्यासारख्यांसाठी बनवलेलं. दुसरं डेबियन. कोकोनट मी पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, चालवून पाहिलं. स्क्रीन सुरू होताच आवाज आला, पुस्तकं वाचायची आणि ओसीआरची, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखायची, साधनं आधीच आत होती. नवख्या माणसाला मी हेच देईन. मी डेबियन घेतलं, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला एकूण पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळणार आहेत आणि मला मधेच पुन्हा हलायचं नव्हतं. शिवाय त्याचा इन्स्टॉलर बोलतो हे दादा छातीठोकपणे सांगत होते. "अहो ताई, तो माझ्याशी बोलला, तुमच्याशी का नाही बोलणार?"

तयारी सगळी जुन्या विंडोजवर, एनव्हीडीएच्या साथीने केली. फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि ती प्रत उघडून, दोनचार फाइली वाचून खात्री. डेबियनची छोटी आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलर असलेली फाइल, उतरवून रुफस या प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहिली. फोनचं इंटरनेट यूएसबी केबलने लॅपटॉपला द्यायची सोयही आधी तपासली, कारण छोटी आयएसओ बाकीचं सगळं इंटरनेटवरून आणते.

यानंतरच्या टप्प्यावर मला डोळे लागले. बायॉस, म्हणजे प्रणालीच्या आधी चालू होणारा मशीनचा स्वतःचा प्रोग्रॅम, बोलत नाही. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला हवा हे त्या मुक्या निळ्या स्क्रीनवर सांगावं लागतं. इतक्या वर्षांत कंपन्यांनी फोनचा प्रत्येक कोपरा बोलता केला आणि हा एक पडदा तसाच ठेवला, याचा मला खरोखर राग आहे. फोनचा कॅमेरा धरून स्क्रीन वाचून घेता येते, बी माय आइज या ॲपवर अनोळखी स्वयंसेवकाला दाखवताही येते. मी भाचीला हाक मारली. "मावशी, वर 'बूट' लिहिलंय, खाली यूएसबी तिसऱ्या नंबरवर आहे." तिने वाचलं, बाण मी दाबले. तिला मी एवढंच सांगितलं होतं की बटणाला हात लावू नकोस, फक्त वाच. कोणत्या बटणाने काय झालं हे बोटांना कळलं पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी आठवतं.

मग बीप. डेबियनचा सुरुवातीचा मेनू तयार झाल्याची ती खूण. एस दाबून एंटर. थोडा वेळ शांतता, आणि मग तोच आवाज! इन्स्टॉलरमध्ये बोलतो तो ईस्पीक एनजी, म्हणजे एनव्हीडीएबरोबर येणारा, मी वर्षानुवर्षं ऐकत आलेला सिंथेसायझर, मजकुराचा आवाज करणारा प्रोग्रॅम. अनोळखी घरात ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं. माझ्या लॅपटॉपमध्ये ध्वनीची दोन कार्डं निघाली, एक स्पीकरचं आणि एक एचडीएमआयचं. इन्स्टॉलर आळीपाळीने दोन्हींवर बोलतो आणि आवाज ऐकू आला की एंटर दाबा म्हणतो. किती साधा उपाय! ज्याने हा विचार केला त्याने न दिसणाऱ्या माणसाची अडचण बाहेरून नाही, आत शिरून समजून घेतली आहे. डेबियनमधल्या या कामामागे फ्रान्सचे सॅम्युअल थिबो बरीच वर्षं आहेत. ब्रेल डिस्प्ले जोडला असेल तर इन्स्टॉलर ब्रेलमध्येही चालतो.

पुढे सगळे प्रश्न आकड्यांचे. भाषा, देश, कीबोर्ड, प्रत्येकाची यादी वाचली जाते, आपण आकडा टाइप करून एंटर मारायचं. मागे जायचं असेल तर 'पेक्षा लहान'चं चिन्ह (<), मदत हवी असेल तर प्रश्नचिन्ह. रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाच्या खात्याचा, पासवर्ड मी रिकामा सोडला, म्हणजे माझ्या स्वतःच्या खात्यालाच प्रशासकाचे अधिकार मिळतात आणि एक पासवर्ड कमी लक्षात ठेवावा लागतो.

डिस्कच्या प्रश्नाशी मात्र घाई करायची नाही. यादीत लॅपटॉपची एसएसडी आणि माझा पेनड्राइव्ह दोन्ही होते, नावं तांत्रिक आणि सारखीच वाटणारी. फरक क्षमतेवरून कळतो, म्हणून मी ते आकडे पुन्हा पुन्हा ऐकले. प्रतीची बाहेरची डिस्क आधीच काढून कपाटात ठेवली होती. शेवटी 'बदल डिस्कवर लिहायचे का?' असा प्रश्न येतो. 'हो'चा आकडा मी स्वतः टाइप केला. घरातली सगळी माणसं दुसऱ्या खोलीत होती.

डेस्कटॉपच्या यादीतून माटे निवडलं. तिथे एकापेक्षा जास्त गोष्टी हव्या असतील तर आकडे मधे जागा सोडून द्यायचे. माटे अजून एक्स ११ या पडदा रेखाटणाऱ्या जुन्या यंत्रणेवर चालतं आणि ओर्का त्यावर स्थिर वागतो. वेलँड या नव्या यंत्रणेवर काही गोष्टी अजून अडतात. रीस्टार्ट झाल्यावर लॉगिनचा पडदाही बोलला, कारण बोलत्या इन्स्टॉलरने टाकलेल्या प्रणालीत ही सोय आपोआप चालू राहते.

आता रोजच्या वापराविषयी. ब्राउझरमध्ये हेडिंगसाठी एच, लिंकसाठी के, टेबलसाठी टी, हे सगळं एनव्हीडीएसारखंच, त्यामुळे बोटं अडखळली नाहीत. इन्सर्ट आणि स्पेस दाबलं की ओर्काच्या सेटिंग्ज उघडतात. तिथे मी मराठी आणि इंग्रजी अशी दोन प्रोफाइल केली आहेत आणि कामाप्रमाणे बदलते. ईस्पीकची मराठी यांत्रिक आहे, पण वेग वाढवला तरी अक्षरं सुटी ऐकू येतात, आणि भाषांतर तपासताना मला तेच हवं असतं. टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड इथेही आहे. स्कॅन केलेल्या पानांसाठी टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमचं मराठी पॅकेज टाकलं. छपाई स्वच्छ असेल तर ते चांगलं वाचतं, झेरॉक्सच्या झेरॉक्सवर अडतं.

काही गोष्टी सुटलेल्या नाहीत. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली मराठी फाइल कुठल्याही प्रणालीवर इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणूनच ऐकू येते. अशी फाइल आली की मी पाठवणाऱ्याला युनिकोडमध्ये मागते, आणि मिळेपर्यंत मागत राहते. जॉज हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर लिनक्सवर चालत नाही. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेसचं किचकट काम असलं की लिबरऑफिसमध्ये मला वेळ जास्त लागतो, तेव्हा भावाच्या विंडोजवर एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवरून चालवते.

नाशिकमध्ये कुणी जुना लॅपटॉप विकत घेऊन हे करणार असेल, तर दुकानात जाताना कोकोनट किंवा उबुंटू माटेचा पेनड्राइव्ह आणि हेडफोन घेऊन जा. दुकानदाराला पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायला सांगा. उबुंटू असेल तर ऑल्ट, सुपर आणि एस दाबा, ओर्का बोलू लागेल. सुपर म्हणजे विंडोजचं बटण. स्पीकर आणि हेडफोन दोन्हींतून आवाज येतो का ते पाहा, वायफाय पकडतो का ते पाहा, आणि बूट मेनूसाठी त्या मॉडेलला कोणतं एफ बटण लागतं ते विचारून तिथल्या तिथे फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. आवाज आला नाही तर ते मशीन घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.