खरवड कोणाची

सत्तूर खाली आला, कातडीचा एक तुकडा टुणकन उडून काट्यापलीकडे पडला आणि बाईंनी तो उचलून सरळ स्वतःच्या तोंडात टाकला. गिऱ्हाईक समोर उभं, मांस काट्यावर, पैसे घ्यायचे बाकी. पण आधी तो तुकडा. कर्रकन आवाज झाला. चेहऱ्यावर संकोच म्हणाल तर नावाला नाही, आपलं हक्काचं खातोय असा भाव. मग शांतपणे वजन बघून त्यांनी आणखी एक बरगडी तोडली.

फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर बालांबान म्हणून गाव आहे. तिथं जपानी कंपनीचं मोठं शिपयार्ड आहे आणि आमचं जहाज दुरुस्तीसाठी ड्राय डॉकमध्ये चढलेलं होतं. रविवार दुपार. यार्ड बंद, पाऊस आत्ता येतो की मग येतो अशा बेतात. आमच्या बोसननं, म्हणजे खलाशांच्या मुकादमानं, केबिनचं दार वाजवून नुसतं "सर, लेचोन?" एवढंच विचारलं. लेचोन म्हणजे निखाऱ्यांवर फिरवत भाजलेलं अख्खं डुक्कर. आम्ही ट्रायसिकलमध्ये, म्हणजे इकडच्या तीनचाकी रिक्षात, गुडघे पोटाशी घेऊन निघालो.

जागा म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर, चार प्लास्टिकची टेबलं, डगमगणारा पंखा. पुढं काचेच्या पेटीत केळीच्या पानावर अख्खं डुक्कर आडवं, तोंड रस्त्याकडे. चिंचेच्या लाकडाचा गोल ओंडका. आपल्याकडच्या खाटकांनाही चिंचच लागते, लाकूड चिवट, ढलप्या निघत नाहीत. सकाळी शेपटीपासून मानेपर्यंत शाबूत असलेलं ते जनावर आम्ही पोचेतो अर्धं संपलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आमच्या पुढं सात-आठ माणसं होती. मी बोसनच्या मागं उभा राहून बाईंचा हात बघत होतो. तो तुकडा त्यांच्या तोंडात गेला आणि मला देवगडचं आमचं दुधाचं पातेलं आठवलं.

पितळेचं, आतून कल्हई केलेलं पातेलं. दूध चुलीच्या वैलावर दुपारभर मंद तापत राहायचं. संध्याकाळी साय काढून दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं की बुडाशी आणि कडेला तांबूस खरवड उरायची. ती काढायची शिंपल्यानं. चमच्यानं काढली तर कल्हई जाते, असं आजीचं म्हणणं. वर चिमूटभर साखर. घरात आम्ही मुलं पाच-सहा आणि खरवड मोजून दोन घास, म्हणून आजीनं कायदा केलेला: जो पातेलं घासेल त्याची खरवड. एरवी ताट उचलून मोरीत ठेवायला सांगितलं तरी ज्यांचे पाय दुखायचे ती मुलं दुधाच्या पातेल्यासाठी मारामारी करायची. माझा एक चुलतभाऊ तर खरवड खाऊन झाल्यावर "राख घेऊन येतो" म्हणून जो गेला तो दिवेलागणीलाच उगवला. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पातेलं त्याच्यापुढं सरकवून म्हणाली, "आज तू आधी घास, मग खरवड काढ." तो बिचारा राख हातात घेऊन किती तरी वेळ विचार करत बसला होता. आम्ही पडवीत तोंडात पंचा कोंबून हसत होतो.

तेव्हापासून या बाबतीत मी जरा तिरसट आहे. कुरकुरीत वस्तू कुरकुरीत असतानाच खावी, बोलत बसू नये, फोटो काढत बसू नये आणि मुख्य म्हणजे तिच्यावर काही ओतू नये. ओतणाऱ्या माणसाशी मी जेवायला बसू शकतो, पण त्याच्याकडे बघत नाही.

तर, ही कातडी. तिच्यासाठी पहाटेपासून खटपट असते. डुक्कर साफ करायचं, पोटात मीठ चोळायचं, मग गवती चहाच्या जुड्याच्या जुड्या, ठेचलेला लसूण, कांद्याची पात भरून पोट जाड दोऱ्यानं शिवून टाकायचं. तोंडातून शेपटीपर्यंत बांबू. कोळसे बरोबर खाली ठेवायचे नाहीत, दोन्ही अंगांना ठेवायचे, नाहीतर चरबी निखाऱ्यावर गळून जाळ उठतो आणि कातडी काळी पडते. मग दोन माणसांनी तासन्‌तास फिरवत राहायचं आणि मधूनमधून शहाळ्याचं पाणी लावायचं. बोसन हे सगळं सांगत होता आणि मी गवती चहापाशीच अडकलो होतो. आमच्या परसात विहिरीच्या कडेला त्याचं बेट माजलेलं असायचं. सर्दी झाली की आल्याबरोबर चहात, नाही झाली तरी चहात. या गवताच्या आयुष्यात यापलीकडे काही घडत असेल असं आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

अर्धा किलो मांस आलं, केळीच्या पानावर, हाडासकट तोडलेलं. कातडीचे तुकडे बाईंनी वेगळे काढून वर रचलेले. तांबूस तपकिरी रंग, नखानं टिचकी मारली तर वाजणारी. दाताखाली आधी ती फुटते, मग लगेच खालचा चरबीचा पातळ थर विरघळतो आणि मग गवती चहाचा वास येतो, नाकात नव्हे, घशात. मीठ आतपर्यंत मुरलेलं. मी सलग तीन तुकडे खाल्ले आणि मग डोळे उघडले, तर बोसन बाईंकडे सॉस मागत होता.

बोसन उत्तरेकडच्या लुझोन बेटावरचा, बातांगास प्रांतातला. मनिला आणि त्या बाजूला लेचोनबरोबर काळजाचा सॉस लागतो: काळीज शिजवून वाटायचं, त्यात व्हिनेगर, साखर, मिरी, पावाचा चुरा, आणि घट्ट, गोडसर, मातकट रंगाचं प्रकरण तयार होतं. सेबूत हे मागणं म्हणजे उघड उघड भांडण काढणं. ज्याच्या डुकराला स्वतःची चव नाही त्याला सॉस लागतो, असं इथली माणसं तोंडावर म्हणतात. बाईंनी सत्तूर ओंडक्यावर टेकवला.

"मनिला?"

"बातांगास."

त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि ठेचलेल्या लवंगी मिरच्या घातलेली व्हिनेगरची बाटली आमच्याकडे सरकवली. विषय संपला. माझं मत बाईंच्या बाजूनं, हे वेगळं सांगायला नको. त्या व्हिनेगरमध्येसुद्धा मी मांस बुडवलं, कातडी नाही.

बोसनचं गाव बालायान. तिथं २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाला, भाजलेल्या डुकरांची मिरवणूक निघते. डुकरांना कपडे घालतात, टोप्या, चष्मे, काही वेळा रेनकोटसुद्धा, कारण त्या दिवशी रस्त्यात सगळे एकमेकांवर पाणी उडवत असतात. आणि पालखीभोवती काटेरी तार लावतात. मला वाटलं, माझी ऐकण्यात काही गफलत झाली. काटेरी तार? हो, बोसन म्हणाला, नाहीतर प्यालेली मंडळी वाटेतच कातडी ओरबाडून पळतात आणि मिरवणूक मुक्कामाला पोचेतो उघडं मांस उरतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या आजीला काटेरी तार सुचली नाही एवढंच.

सॉस मिळाला नाही म्हणून बोसन अजून धुमसत होता. त्याची समजूत काढावी म्हणून मी त्याला पिगाफेट्टाची गोष्ट सांगितली. दर्यावर्दी मॅगेलनच्या ताफ्यात अंतोनिओ पिगाफेट्टा नावाचा इटालियन टिपणं काढायला होता. मार्च १५२१ मध्ये, ऐन गुड फ्रायडेला, लिमासावा बेटावरच्या राजानं त्याच्यापुढं डुकराचं मांस ठेवलं. ख्रिस्ती माणसाला त्या दिवशी मांस वर्ज्य. पिगाफेट्टा लिहितो की खाल्लं, इलाज नव्हता. शिवाय रात्रीच्या जेवणाला पुन्हा चिनी मातीच्या मोठ्या भांड्यांतून भात आणि डुकराचं मांस आलं, रश्शासकट. इलाज नव्हता म्हणणारा माणूस रश्शाची नोंद करतो, म्हणजे जेवण बरं झालं असणार. महिन्याभरात, २७ एप्रिलला, इथून बेटाच्या पलीकडच्या अंगाला माक्तान बेटावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांनी मॅगेलनला मारलं. पिगाफेट्टा वाचला आणि ताफ्यातल्या ज्या मोजक्या लोकांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली त्यांच्यात तो होता.

बोसननं ऐकून घेतलं. "रस्सा होता ना?" तो म्हणाला. "मग झालं तर."

भात इथं पुसोमध्ये मिळतो. नारळाच्या झावळीच्या पात्यांची विणलेली, मुठीएवढी पुडी, तिच्यात तांदूळ घालून तशीच पाण्यात शिजवतात. दुकानात घडच्या घड टांगलेले असतात. मधोमध चिरून द्यायचा, आत भात घट्ट बसलेला, पात्याचा वास लागलेला. हातानं खायचं, पण हातात प्लास्टिकचा पातळ मोजा घालून! मोजे प्रत्येक टेबलावर ठेवलेले असतात आणि सगळे जण ते घालून मनापासून जेवतात. मी घालून बघितला. भात बोटांना लागत नाही, मांस गरम आहे की गार ते कळत नाही, आपण जेवतोय की कोणाची तपासणी करतोय असं वाटतं. काढून ठेवला. पलीकडच्या टेबलावरची एक छोटी मुलगी माझ्या उघड्या हाताकडे बघत राहिली, मग तिनंही आपला मोजा काढला आणि आईचा धपाटा खाल्ला.

व्हिनेगरची एक बाटली आम्हाला न्यायची होती. आमचा चीफ कुक गोव्याचा, सालसेतचा. सेबूला जहाज लागलं की तो माडीचं व्हिनेगर मागवतो. इकडचं आणि गोव्याचं, दोन्ही माडाच्याच ताज्या माडीचं आंबवलेलं, आणि जहाज कंपनी पुरवते ते पांढरं पाणी घालून सोर्पोतेल, म्हणजे गोव्याचं डुकराचं कालवण, केलं तर पूर्वज शाप देतील, असं त्याचं ठाम मत. इकडच्या व्हिनेगरला तो गोव्यापेक्षा अर्धा गुण कमी देतो. तो अर्धा गुण कशाचा हे विचारायची हिंमत कोणी करत नाही.

मध्येच आईचा फोन आला. "जेवलास का रे?" जेवलो. "काय होतं?" भात आणि भाजलेलं मटण. आमच्या घरात मटण या शब्दाची व्याप्ती मी समुद्रावर गेल्यापासून बरीच वाढली आहे. आई फार खोलात शिरत नाही.

पाऊस आलाच. पेटीतलं डुक्कर आता डोकं आणि मागचा एक पाय एवढंच राहिलं होतं. हवा अशी ओलसर झाली की उरलेली कातडी तासाभरात चिवट होते, मग ती कोणी मागत नाही. तिचं दुसऱ्या दिवशी व्हिनेगरमध्ये शिजवून पाक्सिव करतात. बाईंनी हात धुतले, आमच्याच टेबलाशी स्टूल ओढून बसल्या आणि बोसनशी त्यांच्या भाषेत काही तरी बोलायला लागल्या. बोसनची विसाया, म्हणजे सेबूची भाषा, मोडकी; बाईंची तागालोग, म्हणजे लुझोनची, बरी. थोड्या वेळानं बोसननं माझ्याकडे बघितलं.

"सर, जहाजावरचा उरलेला भात कुठं जातो म्हणून विचारतायत. त्यांची घरी दोन पिल्लं आहेत."

इथं घराघरात अशी दोन-चार डुकरं पाळतात. खरकट्यावर वाढवायची, मुलाची फी भरायच्या वेळी किंवा सणाला विकायची. २०१९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर फिलिपिन्समध्ये शिरला. माणसाला त्यानं काही होत नाही, डुक्कर मात्र बहुधा वाचत नाही, आणि एका गोठ्यात सापडला की आसपासची धडधाकट जनावरंही मारून पुरावी लागतात. सेबूनं बाहेरचं डुकराचं मांस अडवून साडेतीन वर्षं तग धरला. मार्च २०२३ मध्ये तो सेबूतही निघाला, आणि तोही कारकारला, जिथल्या बाजारातल्या लेचोनसाठी लोक लांबून येतात.

आणि भात का द्यायचा नाही, ते आम्हा जहाजवाल्यांना चांगलं माहीत असतं. आफ्रिकेतला हा रोग २००७ मध्ये जॉर्जियात पोती बंदराच्या आसपास दिसला आणि तिथून रशिया, युरोप, चीन करत इकडे आला. पोतीला तो कसा उतरला याचं तज्ज्ञांनी दिलेलं उत्तर असं की कुठल्या तरी जहाजाच्या गॅलीतलं, म्हणजे स्वयंपाकघरातलं, खरकटं किनाऱ्यावरच्या डुकरांच्या पुढ्यात पडलं असावं. भाताबरोबर सॉसेजचा एखादा तुकडा गेला तरी पुरतं, विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो. आमच्या गॅलीत ब्राझीलचं मांस असतं, स्पेनचं असतं, मागच्या बंदरात जे स्वस्त मिळालं ते असतं. म्हणून बंदरात खरकटं झाकणबंद पिंपात ठेवायचं आणि ठरलेल्या ठेकेदारालाच द्यायचं.

"नाही म्हणून सांग," मी म्हणालो. "का ते पण सांग."

बोसननं सांगितलं. पोती, गॅली, सॉसेज, सगळं. बाईंनी पुरतं ऐकून घेतलं. त्यांना रोग माहीत होता, तो कुठून आला असेल ते नव्हतं. त्या माझ्याकडे बघून तागालोगमध्ये काही तरी म्हणाल्या आणि उठून पैसे मोजायला गेल्या.

"काय म्हणाल्या?"

बोसन व्हिनेगरची बाटली पिशवीत घालत होता. "म्हणाल्या, सांगितलंत ते बरं केलंत. याआधी एका जहाजाचा आणला होता."