२१ जानेवारीचा पाव

काल आमच्या ट्रोम्सोत, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या या गावात, सूर्य परत यायचा दिवस होता. कॅलेंडरवर तो लाल नसतो, सुट्टीही नसते, पण बेकरीपुढे सकाळपासून रांग. आत जॅम भरलेले, तळलेले, वरून साखर घोळवलेले गोल पाव या दिवशी खायचे असतात. ‘सूलबोलर’ म्हणतात, म्हणजे सूर्याचे पाव. मी ज्या वृद्धाश्रमात काम करते तिथल्या आजी-आजोबांसाठी चाळीस घेतले आणि बर्फावरून घसरत, खोकी सांभाळत पोचले.

आईला दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. “अगं, सूर्य येणार म्हणजे काय? तो रोजच येतो ना?” नाही येत, आई. हे गाव आर्क्टिक वृत्तापासून साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे. २७ नोव्हेंबरच्या सुमाराला सूर्य क्षितिजाखाली जातो तो १५ जानेवारीपर्यंत डोकं वर काढत नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड पडतो, आपल्याकडे पहाटे पाणी तापवायला उठल्यावर असतो तसा. मग पुन्हा दिवे. १५ तारखेलाही तो दिसत नाही, कारण दक्षिणेला डोंगर आहेत. म्हणून गावाने आपला दिवस २१ ठरवलाय. मधले पाच-सहा दिवस तो उगवलेला असतो, फक्त आम्हाला दिसत नाही. (आमच्या पाळकसाहेबांना हे कळलं तर अर्ध्या तासाचं प्रवचन नक्की. मी करत नाही.)

आता माझ्या फाईलबद्दल. मी मिरजेत नर्सिंग शिकले, नगरला आठ वर्षं वॉर्डात काढली. युरोपबाहेरून आलेल्या नर्सला इथे परवाना मिळवायचा तर नॉर्वेजियन भाषेची वरच्या पातळीची परीक्षा, इथल्या आरोग्यव्यवस्थेचा आणि औषधांचा अभ्यासक्रम, आणि कामाची परीक्षा असं सगळं करावं लागतं. सगळं झालं. कागद दिले. एकदा त्यातला एक कागद हरवल्याचं कळलं, पुन्हा दिला. आता हा दुसरा अंधार चालू आहे आणि मी अजून मदतनीसच आहे. आंघोळ घालते, पेज भरवते, चादरी बदलते. सुईला हात लावायचा नाही.

नोव्हेंबरात एक नवी सिस्टर एका आजींचं रक्त काढत होती. दोनदा टोचलं, शीर सापडेना. मला ती शीर दारातून दिसत होती, कोपराच्या जरा आतल्या बाजूला, निळी, दोरीसारखी. मी काही बोलले नाही. आजींचा दुसरा हात धरून उभी राहिले. घरी आल्यावर स्वयंपाकघरात रडले, मग भात लावला.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर हे टाकलं की लगेच उत्तर येतं, “सगळं देवाच्या हातात आहे ताई.” ते खरंच आहे, मीही तेच मानते. पण ज्याची स्वतःची फाईल कुठल्या टेबलावर अडकलेली नाही, त्याने हे वाक्य जरा जपून वापरावं. बायबलातला स्तोत्रकर्तासुद्धा ‘किती काळ, परमेश्वरा’ असं तोंडावर विचारतो. देव राजा आहे म्हणून तर त्याच्याकडे तक्रार न्यायची. जो काहीच करू शकत नाही त्याच्याशी कोण भांडतं?

इथल्या चर्चमध्ये यशयाचा ४०वा अध्याय वाचला गेला तेव्हा मी दचकले. आपल्या मराठी बायबलात परमेश्वराची ‘आशा धरून राहणारे’ नवीन शक्ती मिळवतात. नॉर्वेजियनमध्ये तिथे ‘वेंते’, म्हणजे वाट पाहणं, हे क्रियापद आहे. बसथांब्यावर माणसं जे करतात तेही ‘वेंते’च आणि बाई गरोदर असली तरी ती बाळाची ‘वेंते’ करते. गरोदर बाई काही हात जोडून बसत नाही. ती भाजी निवडते, नोकरीला जाते आणि आत जे चाललंय ते तिच्या घाईने चालत नाही. मला आपलं ‘धरून राहणं’ जास्त आवडतं, त्यात निदान हाताला काम आहे.

गावाच्या मधोमध लाकडी कॅथेड्रल आहे, १८६१ सालचं. त्याच वर्षी आपले रेव्हरंड ना. वा. टिळक जन्मले. पहिल्यांदा ती तारीख वाचली तेव्हा उगाच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९००चा. आमची आजी या मधल्या पाच वर्षांबद्दलच जास्त बोलायची. “बाईने घाई केली नाही आणि देवानेही केली नाही,” असं म्हणायची आणि सुपारी कातरत राहायची.

माझ्या त्या हात धरलेल्या आजी नव्वदी ओलांडलेल्या आहेत, नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाच्या फिनमार्कच्या. १९४४च्या शरदात जर्मन सैन्याने माघार घेताना तो सगळा मुलूख जाळला आणि पन्नासेक हजार माणसांना घरं सोडायला लावली. या तेव्हा लहान होत्या, बोटीने दक्षिणेकडे आणल्या गेल्या. आम्ही मुलं रोज विचारायचो, घरी कधी जायचं, असं त्या सांगतात. आई म्हणायची, आधी पेज संपव. रोज तेच. आणि पेज रोज असायचीच असं नाही.

तर काल. बारा वाजायच्या आत सगळ्यांना दक्षिणेच्या खिडकीशी आणून बसवलं. बालवाडीतली मुलं पिवळे कागदी सूर्य घेऊन आली, गाणं म्हणून गेली. आकाश राखेसारखं. डोंगराच्या कडेवर एक पट्टा जरा पिवळट झाला, अगदी जरासा, मग तोही गेला.

“दिसला का?” आजींनी विचारलं. त्यांना आता फारसं दिसत नाही.

“नाही, ढग आहेत.”

“बरं,” म्हणाल्या, आणि पाव उचलला. जॅम हनुवटीवर आला, मी पुसला.

ईमेल मी मुद्दाम चार वाजेपर्यंत उघडली नाही. चारला उघडली, काही नव्हतं. तीन पाव उरले होते, ते रात्रपाळीच्या पोरींसाठी झाकून ठेवले आणि घरी आले.