नील्स येन्सन नेमका कोणता? डॅनिश नोंदींत पूर्वज पक्का करताना

डेन्मार्कमधला पूर्वज शोधताना नाव जुळलं की लोक हुरळून जातात. पण नुसत्या नावावर तिथे काहीच ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या डॅनिश खेड्यात आडनाव बापाच्या नावावरून पडायचं: येन्सचा मुलगा येन्सन, आणि नील्स येन्सनचे मुलगे नील्सन. १८२८ च्या वटहुकमाने घराण्याला एकच कायम आडनाव ठेवायला सांगितलं, तरी खेड्यापाड्यांत जुनी रीत पुढेही बरीच वर्षं चालली. त्यामुळे एकाच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या भागात) साधारण एकाच वयाचे दोन-तीन नील्स येन्सन सहज सापडतात. बाकीचे एकेक करून बाद होईपर्यंत आपला नील्स पक्का झाला असं मानू नये.

सुरुवात १८४५ च्या जनगणनेपासून करावी, कारण जन्माचं पॅरिश त्याच गणनेपासून लिहायला लागले. गणनेचा दिवस १ फेब्रुवारी, आणि वय चालू वर्ष धरून. म्हणजे ‘नील्स येन्सन, वय ३३’ असं असेल तर ३२ पूर्ण; जन्म फेब्रुवारी १८१२ ते जानेवारी १८१३ मधला. सरळ वजाबाकी केली की इथेच एक वर्ष चुकतं. शिवाय वयं तोंडी सांगितलेली असत. म्हणून जन्माच्या पॅरिशचं चर्चबुक (चर्चने ठेवलेली बाप्तिस्मा, लग्न, दफन वगैरेंची नोंदवही) उघडून १८१० ते १८१४ मधला येन्सचा प्रत्येक मुलगा नील्स यादीत घ्यावा. ही पानं रिग्सआर्किव्हच्या (डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या) साइटवर मोफत बघता येतात.

१८१४ च्या आधी छापील रकाने नव्हते. आईचं नाव बऱ्याचदा नसतं, पण बाप्तिस्म्याला उभे राहिलेल्या साक्षीदारांची नावं असतात. त्यांत मामा, मावशा, आत्या भेटतात, म्हणून ती सगळी उतरवून घ्या. तारीख सणवारावरून लिहिलेली असते. ‘त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार, १८१२’ घ्या: त्या वर्षी ईस्टर २९ मार्चला, त्रिनिटी रविवार (ईस्टरनंतरचा आठवा रविवार) २४ मेला, म्हणून ही तारीख १४ जून. आणि बहुधा ती चर्चमधल्या बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे.

मग दफनाच्या नोंदी. ही पायरी लोक सर्रास गाळतात. मूल दगावलं की तेच नाव पुढच्या भावाला द्यायची पद्धत होती. सुरेख जुळलेला बाप्तिस्मा कधीकधी दोन वर्षांचा होऊन गेलेल्या मुलाचा निघतो.

उरलेल्यांना वेगळं करायला सगळ्यात भरवशाचा पुरावा देवीच्या लसीचा. १८१० च्या वटहुकमानुसार लस घेतल्याशिवाय किंवा देवी येऊन गेल्याशिवाय कन्फर्मेशन (मोठ्या झालेल्या मुलाने चर्चमध्ये आपली श्रद्धा जाहीर करण्याचा विधी) होत नसे आणि लग्नही लागत नसे. १८१४ नंतरच्या कन्फर्मेशनच्या नोंदीत (मुलगा साधारण चौदा-पंधराचा) आईबाप, जन्म किंवा बाप्तिस्म्याची तारीख, लसीची तारीख आणि पुष्कळदा टोचणाऱ्याचं नाव असतं. लग्नाच्या नोंदीतही लसीचा उल्लेख येतो. दुसऱ्याच पॅरिशमध्ये लागलेल्या लग्नात तीच तारीख, तोच टोचणारा दिसला, तर दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या मानायला माझी हरकत नसते.

पुरुषांसाठी आणखी एक साधन म्हणजे लष्करभरतीची यादी, ‘लेग्ड्सरुले’. १७८८ पासून खेड्यातल्या शेतकरी वर्गातला मुलगा जन्मापासून या यादीत असे, आणि नोंद बापाच्या नावासकट. प्रत्येकाला क्रमांक. नवी मुख्य यादी झाली की क्रमांक बदले, पण जुना क्रमांक शेजारी लिहिलेला असे. दुसऱ्या पॅरिशला गेला तर कुठे गेला त्याचा शेरा. ही साखळी उलटी चालवत नेली की नील्स बापाच्या दारात पोचतो. साखळी तुटते ती बहुधा क्रमांक चुकीचा वाचल्यामुळे: गॉथिक हस्ताक्षरात १ आणि ७ फसवतात. अशा वेळी वय, जन्मगाव आणि इंचांत दिलेली उंची ताडून बघावी.

एवढं करूनही दोघे उरले, तर दोन्ही बापांच्या मृत्यूनंतरचं वारसवाटप बघा. त्यात हयात मुलं, त्यांची वयं आणि राहायची गावं लिहिलेली असतात. तेही नसेल, तर वंशावळीत नील्सच्या वरची जागा रिकामी ठेवा आणि दोन्ही उमेदवार टिपणात लिहा.