शंभर वर्षांची वेल आणि आण्णांचे प्रश्न

मी निफाड तालुक्यातली, द्राक्षाच्या घरातली. लहानपणापासून एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, डाऊनी-भुरीसारखे रोग हेच शब्द कानावर पडलेत, आणि बाग बारा-पंधरा वर्षांची झाली, घड बारीक पडायला लागले की काढा आणि नवी लावा हा हिशोब. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या सिसिलीत एटना ज्वालामुखीच्या उत्तर उतारावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दंडाएवढ्या जाड, पिळवटलेल्या खोडावर हात ठेवून ही माझ्या आजोबांनी लावलेली असं सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं भाषांतरात काहीतरी घोळ झालाय. घोळ नव्हता. शंभरी ओलांडलेली वेल, अजून घड धरते.

लगेच आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. घरी गोडी छाटणीची गडबड चालू होती आणि इकडे तोडणी, एटनावर उंचीमुळे द्राक्षं उशिरा पिकतात, ऑक्टोबर उजाडतो. आण्णांनी शंभर वर्षं वगैरे ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "एकरी माल किती निघतो?"

झाडाला जेमतेम किलोभर, असं तो शेतकरी म्हणाला. आण्णा फोनवर हसलेच. मग दुसरा प्रश्न, "कलम कशावर केलंय, डॉगरीजवर का?" (डॉगरीज म्हणजे आपल्याकडे द्राक्षाचं कलम ज्यावर करतात तो मुळांचा खुंट.)

"कलमच नाहीये आण्णा, स्वतःच्या मुळावर आहे."

आता हे का भारी आहे ते सांगते. 19व्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी, माव्याच्या जातकुळीतली बारीक कीड युरोपात आली आणि बागाच्या बागा बसल्या. शेवटी अमेरिकन वेलींच्या खुंटावर कलम करायचं हाच उपाय उरला आणि आजही बहुतेक युरोप त्याच खुंटांवर उभा आहे. (आपल्याकडे डॉगरीज आला तो दुष्काळ आणि खारट जमिनीपायी, तो विषय वेगळा.) एटनावरही नुकसान झालंच, पण तिथली काही माती वाळूसारखी भुसभुशीत, त्यात ही कीड नीट फिरूच शकत नाही, म्हणून मधले मधले काही तुकडे वाचले. मी उभी होते तो असाच एक तुकडा.

तार नाही, मांडव नाही, वाय आकाराचे आधार नाहीत. प्रत्येक वेल एकटी, चेस्टनटच्या लाकडाच्या खुंटीला बांधलेली, छोट्या झाडासारखी. याला ते आल्बेरेल्लो म्हणतात. काळ्या लाव्हाच्या दगडांचे बांध घातलेत, चुना नाही सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड, आणि पायऱ्या इतक्या अरुंद की ट्रॅक्टर विसरा. सगळं हातानेच. मजुरीचा आकडा मी आण्णांना मुद्दामच सांगितला नाही.

जातीचं नाव नेरेल्लो मास्कालेझे. नेरेल्लो म्हणजे आपल्या भाषेत साधारण 'काळू', आणि मास्कालेझे म्हणजे मास्कालीचा. मास्काली हे एटनाच्या पूर्व पायथ्याचं गाव, आणि 1928 च्या नोव्हेंबरमध्ये लाव्हा आला आणि जवळजवळ अख्खं गाव गाडलं गेलं, मग ते दुसऱ्या जागी नव्याने बांधलं. लोक तरी तिथून हलत नाहीत. डोंगराला ते बाई समजतात, 'आ मुंतान्या' म्हणतात, आणि 2021 मध्ये तिने इतक्यांदा राख उडवली की लोक छपरं झाडून झाडून दमले.

दुकानात वाईनच्या बाटलीवर एटना रोस्सो, म्हणजे एटनाची लाल वाईन, असं लिहिलेलं दिसलं तर त्यात किमान 80 टक्के हा काळू असतो. एटनाच्या वाईनला सरकारी दर्जा 1968 सालचा, पण नंतरही कितीतरी बागा ओस पडत गेल्या, पोरं खाली कातानिया शहरात नोकरीला. 1988 मध्ये तिथल्या बेनांती कुटुंबाने नव्याने वाईन करायला सुरुवात केली, 2000 च्या आसपास आंद्रेआ फ्रांकेत्ती, बेल्जियमचा फ्रांक कॉर्नेलिसन अशी बाहेरची वाईन करणारी मंडळी आली आणि त्यांना जे हवं होतं ते नेमकं गावाने टाकून दिलेलं, म्हणजे म्हाताऱ्या वेली.

आता चव. नावात काळू असला तरी रंग फिका, ग्लासाच्या पलीकडचं बोट दिसतं, कोकम सरबताच्या जवळ जाणारा. आंबट चेरीचा वास, आणि जांभळं खाल्ल्यावर जीभ आवळते ना, तसं. मला आवडली, जेवणासोबत जास्त. पण विकणारे लोक जे सांगतात की लाव्हाची चव, दगडाची चव उतरलीये, ते मला पटत नाही, मुळं काय दगड चघळून चव वर पाठवत नाहीत. मातीतून पाणी पटकन निघून जातं, दिवसा ऊन आणि रात्री गारठा, त्यात म्हातारी वेल थोडेच घड धरते, फरक पडतो तो यानेच असावा. आणि 'जुन्या वेली' हा शब्दपण जपूनच घ्यावा, बहुतेक देशांत त्याला कायद्याची व्याख्याच नाही, कोणीही लेबलवर छापू शकतो.

आपला सह्याद्रीपण ज्वालामुखीचाच की, बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मग आपल्या वेली का नाही शंभर जगत, हे मी आण्णांना विचारलं. ते म्हणाले, "तिकडं बर्फ पडतो, वेल चार महिने झोपते. आपली झोपती कधी? वर्षात दोनदा कापायची, दोनदा फुटायची. थकंल नाही तर काय."

दिवाळीला एक बाटली घेऊन गेले. आण्णांनी स्टीलच्या पेल्यात दोन घोट घेतले, तोंड वाकडं केलं, आणि तिसरा प्रश्न विचारला, त्या लाकडी खुंट्यांना वाळवी लागत नाही का. उरलेली बाटली मी आणि वहिनीने गच्चीवर संपवली. विहिरीकडची चौदा वर्षांची बाग त्यांनी एप्रिलमध्ये काढलीच, मला फोटो पाठवला, जेसीबी आणि मुळासकट उपटलेल्या खोडांचा ढीग.